गावच्या वाचनालयात पोरींसाठी हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्यांचं कपाट: काय घ्यावं, काय टाळावं?

पानवेल (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. गावच्या सार्वजनिक वाचनालयात ('ड' वर्ग, एकच खोली, वर टिनं) एक कपाट मोकळं झालं आहे. त्यात एकाच प्रकारची पुस्तकं ठेवायची आहेत: हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्या, ज्यांतली नायिका नुकती आपल्या पायावर उभी राहते आहे. पहिली नोकरी, नर्सिंगचं होस्टेल, डीएडनंतरची पहिली शाळा, शहरातली भाड्याची खोली, असं. वाचणाऱ्या म्हणजे बारावी ते पंचवीसच्या मुली, आणि त्यांच्या आडून त्यांच्या आया.

बजेट 5000 रुपये. निवड कशी करायची, जुनी पुस्तकं घ्यावीत का, आणि घरून आक्षेप येतो त्याचं काय करायचं? याद्या नकोत, याद्या सगळीकडे मिळतात. पुस्तक हातात घेऊन पारखायचं कसं ते सांगा.

मधलं पान

पानवेलताई, पहिली पन्नास पानं वाचा आणि चार गोष्टी सापडतात का बघा. पगार किती? राहते कुठे? स्वयंपाक कोण करतं? घरी पैसे जातात का, जात असतील तर किती? चारपैकी तीन सापडल्या तर पुस्तक घ्या. एकही सापडली नाही तर नोकरी हा नुसता पडदा आहे. नायिकेला साहेबांसमोर उभं करण्यापुरती ती लागली, पुढे कुणी तिला ऑफिसात पाहत नाही.

फरक कळावा म्हणून दोन नमुने रचून देतो. पहिला:

"नोकरी लागली आणि तिचं जगच बदलून गेलं. रोज नव्या उमेदीने ती ऑफिसला जाई."

दुसरा:

"हातात अकरा हजार आले. खोलीचे अडीच, डब्याचे अठ्ठावीसशे, घरी चार. उरलेल्या सतराशेतून तिने पहिली वस्तू घेतली ती छत्री, आणि दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या स्कूटरला अडकवून विसरली."

दुसऱ्या नमुन्यात प्रेमाचा शब्द नाही, तरी पुढचं प्रकरण तयार झालं. छत्री दोनशेची आहे आणि नवी घेणं परवडत नाही, म्हणून ती परत मागायला तिला जावंच लागतं. भेट योगायोगाने होत नाही, गरजेने होते. या प्रकारच्या चांगल्या पुस्तकांत प्रेमाचा धागा असा खर्चातून, बसच्या वेळेतून, खोलीच्या मालकिणीच्या नियमांतून निघतो. वाईट पुस्तकांत तो पावसातून निघतो.

मग पान 100च्या आसपास उघडा. नायिका अजून कामावर जाते का? बहुतेक कादंबऱ्या इथेच घसरतात. साखरपुडा झाला की नोकरी लेखकाच्या हातून सुटते. राजीनामा नाही, रजा नाही, नुसती गायब.

ठेचा-भाकर

मधलं पान भाऊ, छत्रीचं पुस्तक कोणतं बाप्पा? नाव सांगा, मागवून टाकतो.

मधलं पान

नाही हो, उदाहरणापुरतं रचलंय. पुस्तक असतं तर पहिलं नाव तेच दिलं असतं.

ठेचा-भाकर

मंग लिहून टाका नं भाऊ. असो. पानवेलताई, माझं म्हणणं भाषेबद्दल. पुस्तकं पुण्या-मुंबईची न् वाचणारी पोट्टी दारव्ह्याची. नायिका 'इश्श' म्हणते, खिडकीत बसून कॉफी पिते. आपल्याकडे तर्री-पोहे न् कट चहा. पण याच्यानं फार अडत नाही. बोली परकी असली तरी पोट्टी दोन पानांत रुळते. हिशेब परका असला तं पुस्तक खाली ठेवते. नायिका पहिल्याच महिन्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन रायली, पैसे कोठून आले त्याचा पत्ता नाही, तं वाचणारीले ते परीकथेसारखं वाटते. त्याच्यापेक्षा वसतिगृहातली नायिका बरी. तीन जणींत एक आरसा, सकाळी बादलीसाठी नंबर, रेक्टरबाई. हे वर्धेत न् अमरावतीत राहून शिकणाऱ्या पोट्टीले सांगा लागत नाही.

पयल्या खरेदीत निम्मी पुस्तकं लहान गावातली नाईतं होस्टेलातली घ्या. महानगरवाली मागाहून.

शिवणदोरा

खरेदीबद्दल नंतर सांगते, आधी बांधणी. टिनाच्या छताखाली निम्मं कपाट दोन उन्हाळ्यांत गळतं, आणि तेही नवीनच पुस्तकं आधी.

आजच्या बहुतेक कादंबऱ्या गोंद-बांधणीच्या असतात: पानांच्या कडा कापून गरम गोंदाने पाठीला चिकटवलेल्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45च्या वर जातो, टिनाखाली त्याहून जास्त. गोंद मऊ पडतो, तिरपं ठेवलेलं पुस्तक तसंच वाकतं, आणि पुढे थंडीत गोंद कडक होऊन तडकतो. मग मधलीच पाच-सात पानं हातात येतात. ओळखायचं असं: पुस्तक बंद ठेवून पाठीच्या वरच्या टोकाकडून बघा. दुमडलेल्या पानांचे छोटे छोटे गठ्ठे दिसले तर शिवण आहे. सपाट, कापलेली कड दिसली तर फक्त गोंद. किंमत सारखी असेल तर शिवणीचं घ्या, मुखपृष्ठ कितीही फिकं असलं तरी.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, छतापासून जितकं खाली जमेल तितकं. पुस्तकं उभी, घट्ट पण कोंबलेली नाहीत: एक बोट सरकेल इतकी. खालचा खण जमिनीपासून किमान वीतभर वर, वाळवी तिथूनच चढते. पावसाळ्यानंतर एकदा सकाळच्या कोवळ्या उन्हात बाहेर काढा, दहा वाजायच्या आत परत. दुपारच्या उन्हात कागद पिवळा पडतो. डांबरगोळ्या खणामागे एक-दोन पुरे. बंद खोलीत मूठभर टाकल्या तर वाचणाऱ्यांचं डोकं चढतं.

सुटलेली पानं लावायला सेलोटेप लावू नका, हात जोडते. वर्षा-दोन वर्षांत टेप पिवळी पडून कागद खाते आणि अक्षरंही सोबत निघतात. पांढरा फेविकॉल तीन भाग, पाणी एक भाग. सुटलेली पानं टेबलावर ठोकून पाठीकडून एकसारखी करा, दोन पाट्यांमध्ये घट्ट धरा, पाठीवर ब्रशने पातळ थर द्या, त्यावर पातळ सुती कापडाची पट्टी, तिच्यावर दुसरा थर. मुखपृष्ठ लावून आत दोन्हीकडे बटर पेपर घाला, नाहीतर पहिलं पान मुखपृष्ठाला चिकटतं. वर दोन विटा, बारा तास. घाईने सहा तासांत उघडलं तर पाठ फुगून बसते.

जुन्या पद्धतीची मैद्याची खळ चालते, पण कसर तिच्यावर तुटून पडते. म्हणून बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे. घातलं तर खळीचं भांडं स्वयंपाकात परत नेऊ नका आणि हात धुवा.

पानवेल

शिवणदोराताई, हेच हवं होतं. जुनी पुस्तकं घ्यावीत का तेही सांगाल?

शिवणदोरा

घ्या, पण फर्मे मोजून. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा. मराठी कादंबरी साधारण 16 पानी फर्म्यांत छापली जाते. 192 पानांचं पुस्तक म्हणजे 12 फर्मे. जुन्या पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, 17, 33, 49 अशा पानांवर. सुरुवातीची पानं वेगळी मोजली असतील तर आकडा थोडा पुढेमागे सरकतो. एक आकडा हुकला की 16 पानं गेली समजा. शेवटचा फर्मा आधी तपासा. मलपृष्ठ सुटलं की तोच गळतो, आणि प्रेमकादंबरीत नेमकं लग्न तिथेच असतं.

सांजवात

सगळं ठीक. पण मुलींनी हे वाचून काय होणार? त्याच पैशात चांगलं साहित्य येईल. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं येतील.

मधलं पान

काका, परीक्षेची पुस्तकं वाचनालयात आधीच असतात आणि ती वाचून मुली थकून येतात. हे कपाट त्यानंतरचं आहे.

'चांगलं साहित्य' आणि हे, यांत भिंत नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली आणि ती 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. साप्ताहिकाचं नावच करमणूक. आणि विदर्भाला तर या विषयाचं घरचंच देणं आहे. गीता साने वाशीमच्या, जन्म 1907 चा. शिकलेली, लग्नाला प्रश्न विचारणारी नायिका त्यांनी तीसच्या दशकात उभी केली. कुसुमावती देशपांडे अमरावतीच्या. मराठी कादंबरीची चिकित्सा त्यांनी केली आणि 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. मुलगी शिकली, बाहेर पडली, आता पुढे काय, हा प्रश्न तेव्हाही कादंबरीचाच होता. तोच प्रश्न हलक्या हाताने लिहिला म्हणून हलका होत नाही.

सांजवात

'किर्लोस्कर', 'स्त्री' ही मासिकं घरोघर येत तेव्हा त्यांतल्या कथा आमच्या घरातही सगळे वाचत, हे मान्य. पण हल्लीच्या कादंबऱ्यांत नायक मुलीच्या मागे मागे फिरतो आणि शेवटी ती हो म्हणते. हे मुलींच्या हाती द्यायचं?

बोंडअळी

काकांचा मुद्दा बरोबर आहे, फक्त 'हल्लीच्या' हा शब्द काढा. 1950 ते 80च्या दरम्यानच्या लोकप्रिय कादंबऱ्यांत हे जास्त सापडतं: थोबाडीत मारणारा नायक, सूड म्हणून केलेलं लग्न, नायिकेला 'सरळ' करणं. त्यामुळे जुन्या गठ्ठ्यात मधलं पान यांच्या चार प्रश्नांना पाचवा जोडा. नायिका पहिल्यांदा 'नाही' म्हणते ते पान शोधा आणि पुढची दहा पानं वाचा. नायक मागे सरतो, आणि पुढचं पाऊल तीच टाकते, तर पुस्तक ठेवा. नायक बस-स्टँडवर, ऑफिसच्या फाटकात, मैत्रिणीच्या घरी हजर होत राहतो आणि लेखक त्याला 'वेडं प्रेम' म्हणतो, तर पुस्तक बाजूला. एसटी-स्टँडवर असला ताप रोज सोसणाऱ्या मुलीला ते वाचून गुदगुल्या होत नाहीत.

दुसरी हटकून फसणारी जागा म्हणजे गैरसमज. पत्रांच्या काळात आत्याने पत्र लपवलं की 80 पानं निघायची, आणि ते पटायचंही. आता नायिकेच्या पर्समध्ये मोबाइल आहे. एका फोनने मिटणारा गैरसमज पाच प्रकरणं ताणला असेल तर वाचक चिडते. मेळघाटात रेंज नाही म्हणून गैरसमज टिकू शकतो, हडपसरमध्ये नाही. लेखकाने फोन न करण्याला कारण दिलंय का बघा: मान, भीती, भाऊ फोन तपासतो, काहीही. कारण असेल तर तीच कादंबरीतली सर्वात खरी पानं निघतात.

नवी वाचक

कोणाकडे पीडीएफ आहेत का? ग्रुपवर टाका ना प्लीज

बोंडअळी

लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं पुस्तकावर कॉपीराइट राहतो. हरिभाऊ आपटे 1919 मध्ये गेले, त्यांचं सगळं मोकळं आहे. मालतीबाई बेडेकर (म्हणजे 'विभावरी शिरूरकर') 2001 मध्ये गेल्या, म्हणजे 2061 संपेपर्यंत नाही. हयात लेखिकांचं तर नाहीच. या धाग्यावर पीडीएफ मागू नये.

रानपाखरू

फोनवर वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. 'प्रतिलिपी'वर मराठीत या प्रकारच्या मालिका खंडीभर आहेत, पण संपादन झालेलं नसतं आणि निम्म्या मालिका अर्धवट. सुरू करण्याआधी 'पूर्ण' असं लिहिलंय का बघा. भाग छोटे असतात, प्रत्येकाच्या शेवटी गळ टाकलेला असतो, त्यामुळे रात्री एक म्हणता म्हणता वीस भाग होतात. दहाव्या भागाच्या पुढे फक्त गळ उरला आणि गोष्ट हलत नसेल तर सोडून द्या.

ऐकायचं असेल तर 64 केबीपीएसच्या ऑडिओला तासाला साधारण 30 एमबी लागतात. घरच्या नेटवर उतरवून ठेवा. वेचणीच्या दिवसांत हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

तरी कपाट हवंच. घरात फोन एक आणि तो भावाकडे, ही स्थिती बऱ्याच मुलींची आहे. पुस्तक उशाखाली राहतं.

शिवणदोरा

आता हिशेब. नव्या कादंबरीची छापील किंमत सरासरी 250 धरा. वाचनालयाला 15 टक्के सूट सहज मिळते, म्हणजे 212 च्या आसपास. 14 पुस्तकं = 2968. नागपूरला सीताबर्डीत जुनी पुस्तकं घासाघीस करून मिळतात, 50 रुपये धरले तर 20 पुस्तकं = 1000. खाकी कागद, सुती पट्टी, फेविकॉल, बटर पेपर यांना 500. उरलेले पाचशे मोडू नका. पहिल्या तीन महिन्यांत कुठलं पुस्तक सर्वात जास्त फिरतं ते कळेल, त्याची दुसरी प्रत त्यातून घ्या. दोन मैत्रिणींनी एकच पुस्तक एकाच आठवड्यात वाचलं की तिसरी आपण होऊन सभासद होते.

खाकी कव्हर

घरच्या आक्षेपाबद्दल कुणी बोललं नाही. आक्षेप बहुतेक वेळा मजकुराला नसतो, मुखपृष्ठाला असतो. मिठी मारलेलं जोडपं दिसलं की आजोबा पुस्तक ओढून घेतात. म्हणून कव्हर घाला, पण फक्त याच कपाटाला घालू नका. खाकी कागद दिसला की 'ते'च पुस्तक, असं गावभर होईल. शिवाजी महाराजांच्या चरित्रापासून पाककृतींपर्यंत जे जे घरी जातं त्या सगळ्याला एकच कव्हर. पाठीवर फक्त क्रमांक.

पण मग मुलीला आत काय आहे ते कळत नाही. त्यासाठी आतल्या बाजूला पोस्टकार्डाएवढा कागद चिकटवा. त्यावर तीनच ओळी. उदाहरणार्थ:

काम: तालुक्याच्या दवाखान्यात नर्स
गाव: लहान शहर, होस्टेल
पानं 176, अक्षर मोठं

शेवट सांगायचा नाही. बोंडअळी यांच्या पाचव्या प्रश्नावर पुस्तक अडखळत असेल, पण बाकी चांगलं असेल, तर चौथी ओळ: 'नायक हट्टी, मध्ये राग येईल.' ही ओळ असलेली पुस्तकं मुली आधी नेतात, तेवढं गृहीत धरा.

आणि महत्त्वाचं: देवघेवीचं कार्ड. पुस्तकाच्या मागे खिशात जे कार्ड असतं त्यावर आधीच्या वाचकांची नावं लिहिण्याची पद्धत आहे. इथे नाव लिहू नका, फक्त सभासद क्रमांक. नावाची वही ग्रंथपालाच्या टेबलाच्या खणात. कुणाची मुलगी काय वाचते हे कार्ड चाळून कळतं, आणि चाळणारे चाळतात.

पानवेल

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. वर्गीकरण कसं करू? दाखल नोंदवहीत तर सगळं 891.463 मध्येच, म्हणजे मराठी कादंबरीच्या वर्गीकरण क्रमांकातच जातं.

खाकी कव्हर

नोंदवहीत तेच राहू द्या, तपासणीला तेच लागतं. खणात मात्र लेखकाच्या आडनावाने लावू नका. नायिकेच्या कामाने लावा: दवाखाना, शाळा, ऑफिस, दुकान-उद्योग, परीक्षेची तयारी. मुली 'नर्सचं आहे का?' असंच विचारतात. पाठीवर रंगीत टिकली लावली की परत ठेवताना चुकत नाही.

मुदत एरवी 10 दिवस पुरते. 180 पानांची कादंबरी म्हणजे चार-पाच तासांचं वाचन. पण सोयाबीन काढणीपासून कापूस वेचणीपर्यंत 21 दिवस करा आणि दंड लावू नका. आठ आण्याच्या दंडासाठी मुलगी वाचनालय सोडते आणि पुस्तकही परत येत नाही. मैत्रिणीच्या हाती परत पाठवलेलं घ्या.

ठेचा-भाकर

न् खोली कवा उघडी रायते ते पाहा बाप्पा. सकाळी 8 ते 10 न् संध्याकाळी 5 ते 7 असते बहुतेक ठिकाणी. संध्याकाळी ओट्यावर सारे बाप्ये पेपर वाचत बसते, पोट्टी आतमंदी पाय ठेवत नाही. आठवड्यातून दोन दिवस दुपारी 2 ते 4 उघडा, कॉलेजची एसटी आल्यावर. पेपरचं टेबल त्या येळेले आतल्या बाजूले सरकवा.

पानवेल

बुधवार आणि शनिवार करते. एक शेवटचं. जुन्या गठ्ठ्यात एक फार छान पुस्तक आहे, पाचही प्रश्नांत पास, पण मधलं पान म्हणाले तशी नायिका पान 140 ला नोकरी सोडते. कारण दिलंय, पटतंही. ठेवू?

मधलं पान

कारण दिलंय ना, मग ठेवा. सोडण्याआधी शेवटचा पगार घेते का ते बघा.

पानवेल

घेते. पान 143.

शिवणदोरा

एकूण पानं किती? आणि शेवटचा फर्मा आहे ना?

पानवेल

208. मोजले. 13 च्या 13.